नाचणाऱ्या पायांखालची भुई

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी भुई आहे. अकोल्यातल्या एका नृत्यशाळेत ज्योत्स्नाबाई कथक शिकवत. त्यांच्या मुली माझ्यावर नाचत.

मला केशवराव मिस्त्रींनी बांधले. जमिनीपासून हातभर उंच सागाच्या तुळया टाकून, खाली हवेला जागा ठेवून त्यांनी फळ्या बसवल्या. तेव्हा तरुण असलेल्या बाईंनी माझ्यावर पहिली गिरकी घेतली. केशवराव हरखून म्हणाले, "बाई, तुमचं अन् माहं काम एकच हाये. वजन कुठं ठिवायचं अन् जागा किती मोकळी सोडायची, थेच आमी पाहातो अन् थेच तुमी पाहून राह्यल्या."

बाई हसल्या. "पण मिस्त्री, तुमचं काम उभं राहतं. माझं गिरकीबरोबर संपतं."

पुढे केशवराव वारले. छप्पर गळू लागले. पाणी माझ्या तुळयांत मुरले, मागोमाग वाळवी आली. दुरुस्तीसाठी बाईंनी शाळा चालवणाऱ्या संस्थेकडे किती फेऱ्या मारल्या! "भुई मजबूत हाये, काहून भेता?" असे म्हणून अध्यक्षांनी माझ्यावर लाल गालिचा अंथरला.

मग स्नेहसंमेलन आले. मुली रांगेने वर चढल्या. मधली तुळई आतून पोकळ झाली आहे, हे फक्त मला ठाऊक होते, आणि मला ओरडता येत नव्हते. होते नव्हते ते बळ लावून मी करकरले. घुंगरांत माझा आवाज बुडाला. पुन्हा करकरले. लोक टाळ्या वाजवत होते.

बाईंनी मात्र ती करकर ऐकून मान वर केली. "थांबा! सगळ्या खाली उतरा!"

"काहून थांबवलं, बाई? पाहुणे बसून हायेत!" अध्यक्ष ओरडले.

मुली उतरल्या. छोटी अपेक्षा तेवढी घाबरून मधेच उभी राहिली. बाईंनी धावत येऊन तिला बाजूला ढकलले आणि त्यांच्याच पायाखाली तुळई मोडली. मी बाईंना धरायला पाहिले हो! भुसा झालेले लाकूड काय धरणार?

त्यांचा पाय आता नाचणार नाही. काल त्या अपेक्षाच्या खांद्यावर हात ठेवून आल्या होत्या.

"बाई, इथं गुळगुळीत फरशी टाकून राह्यले म्हणे," अपेक्षा म्हणाली.

"त्या दगडावर तुमचे गुडघे जातील गं, पोरी," बाई म्हणाल्या आणि माझ्या मोडक्या कडेशी बसून रडल्या.

मित्रांनो, मला वाचवा असे मी म्हणत नाही. माझे लाकूड आता चुलीचेच. पण तुमचा भार जे मुकाट्याने उचलते, ते कुरकुरले तर ऐका. आज मला उखडणारी माणसे आली आहेत. मुली पायांत घुंगरू बांधून दारात उभ्या आहेत. कुठे नाचायचे, हे त्यांना कुणीच सांगितलेले नाही.