बत्तीसचं लेबल

सळईसाहेबांच्या पँटीवर बत्तीसचं लेबल होतं आणि ते धडधडीत खोटं होतं. हॉटेलात हे साहेबांखेरीज एकाच माणसाला ठाऊक होतं, ते लेबल शिवणाऱ्या मावशीला.

मावशी हॉटेलच्या शिवणखोलीची मालकीणच म्हणा ना. आचाऱ्यांपासून दारवानांपर्यंत सगळ्यांचे गणवेश तिच्या हातचे. सळईसाहेब मेजवानी विभागाचे मुख्य. हातपाय काड्यांसारखे, गाल बसलेले, म्हणून हे नाव पडलं आणि साहेबांना ते भारी आवडायचं. पोट तेवढं वेगळ्या माणसाचं होतं. कोट मावशीने असा बेतला होता की ते आत गपगुमान बसे. पँट बेंबीच्या चार बोटं खाली. दर वर्षी ती अर्धा इंच शिवण सोडायची आणि दर वर्षी साहेब आवाज खाली आणून सांगायचे, "आकडा मात्र बत्तीसच ठेवा हं, मावशी." सहा वर्षांत तीन इंच सुटले. आकडा जागचा हलला नाही.

हे सगळं तिने पोटात ठेवलंही असतं. पण गेल्या वर्षी तपासणी झाली.

कर्मचाऱ्यांच्या जेवणखोलीत वजनकाटा मांडला होता. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने भागायचं, आलेल्या उत्तराला पुन्हा उंचीने भागायचं, की झाला बीएमआय. मावशीचा कागद टेबलावर होता. साहेबांनी तो उचलला आणि पाहुण्यांची नावं पुकारावीत तशा खणखणीत आवाजात वाचला, "एकोणतीस पूर्णांक एक! मावशी, लिफ्टमध्ये यापुढे एकट्याच चढत जा, बरं का!"

पन्नास माणसं हसली. त्याच आठवड्यात साहेबांनी तिला वरच्या माप-खोलीतून काढलं. तिथे लग्नसमारंभांचे पाहुणे येत, त्यांच्या कपड्यांची ऐनवेळची दुरुस्ती ती करायची. "पाहुण्यांसमोर जरा चटपटीत माणूस बरं दिसतं," साहेब म्हणाले. मावशी तळघरातल्या शिवणखोलीत आली आणि नाव पडलं 'एकोणतीस'.

"एकोणतीस, चहा घेणार का?" इस्त्रीवाले भाऊ एकदा बोलून गेले. मावशीने नुसतं वर पाहिलं. भाऊंनी कप ठेवला आणि पुन्हा त्या नावाने हाक मारली नाही.

तिने ठरवलं होतं. तीच खोली, तेवढीच माणसं, तसाच खणखणीत आवाज आणि आकडा साहेबांचा.

पण आधी तिने स्वतःची कंबर मोजली. दुसऱ्याचं माप काढायचं तर आपलं लपवून चालत नाही, हा तिचा कामाचा नियम. शहाऐंशी सेंटिमीटर. सुतासारखं सरळ सत्य. त्या दिवसापासून ती तळघरातून जिन्याने चढू-उतरू लागली. डूख धरलेल्या माणसाला दम कमी लागतो.

या वर्षीच्या तपासणीला नवी नर्सबाई आली. साहेबांचं वजन सहासष्ट, उंची एकशे सत्तर, बीएमआय बावीस पूर्णांक आठ. साहेबांनी कागद सगळ्यांना दिसेल असा धरला. "बघून घ्या. याला म्हणतात प्रमाण."

"प्रमाण नाही, अंदाज," नर्सबाई म्हणाली. "स्नायू किती, चरबी किती आणि ती बसलीय कुठे, हे काट्याला कळत नाही. पोटात, आतड्यांभोवती साठते ती जास्त वाईट. पुढे साखर, हृदयाची दुखणी. म्हणून यंदा कंबरही मोजायची. ती उंचीच्या निम्म्याच्या आत हवी. तुमची पंच्याऐंशीच्या आत."

"कंबर बत्तीस इंच. म्हणजे एक्क्याऐंशी. लिहून टाका."

"पँटीचा आकडा चालत नाही. पडद्यामागे चला."

"लपवायचंय काय? इथेच घ्या!" साहेबांनी खोलीभर नजर फिरवली आणि ती मावशीवर थांबवली. "आणि मावशींनाच घेऊ द्या. त्यांच्या हाताला माझं माप पाठ आहे." बोलताना एक डोळा हलकेच मिटला.

मावशीने गळ्यातली टेप काढली. साहेबांनी कोट उतरवला, शर्ट वर धरला.

नर्सबाई पेन धरून बसली होती, टेपकडे तिचं लक्षच नव्हतं. मावशीने 'एक्क्याऐंशी' म्हटलं असतं तर तेच कागदावर गेलं असतं. साहेब असेच ऐटीत फिरले असते आणि पोटातलं जे काय होतं ते निवांत आपलं काम करत राहिलं असतं. या सुडाला साक्षीदार नाही, आवाज नाही आणि माणूस पार आडवा. मावशीच्या जिभेवर तो आकडा आला. गोड लागला. तिने तो क्षणभर चघळलासुद्धा.

मग तिला वाटलं, नको. मुकाट्यानं उट्टं काढलं तर हसणार कोण?

"साहेब, श्वास सोडा."

"सोडलाय."

"धरलाय तुम्ही. सोडा. पोट आत नका घेऊ, इथे फोटो नाही काढत कुणी."

शेवटची बरगडी आणि खुब्याच्या हाडाची वरची कड, दोन्ही चाचपून तिने बरोबर मधोमध टेप लावली. घट्ट नाही, सैल नाही. साहेबांचा दम संपला आणि पोट आपल्या खऱ्या जागी आलं.

"शहाण्णव!" मावशीने पुकारलं. अगदी पाहुण्यांची नावं पुकारावीत तसं. "सळईसाहेब, लिफ्टमध्ये एकटेच चढत जा, बरं का!"

भाऊंच्या तोंडून फुर्र झालं आणि मागोमाग पन्नास माणसं खिदळली. मावशीने ते हसू सावकाश गोळा केलं, जराही वाया जाऊ दिलं नाही. नर्सबाईने मात्र न हसता रक्त तपासायची चिठ्ठी लिहिली. मग मावशीचीही कंबर घेतली. ब्याऐंशी. "उतरतेय, पण अजून चार-पाच जायला हवेत," ती म्हणाली. मावशीने मान डोलावली. खरं ते खरं.

तीन आठवड्यांनी साहेब तळघरात आले. कोटाची बटणं उघडी. "साखर निघाली. बरीच." मग खालच्या आवाजात, "तुम्हाला माहीत होतं."

"सहा वर्षं."

"बोलला नाहीत."

हे मात्र तिला टोचलं. लेबल तिच्याच सुईचं होतं. "तुम्ही सांगितलंत, मी शिवलं. माझी चूक तेवढी. आता तुमची सांगा."

साहेबांनी मशीनचं चाक बोटाने अर्धं फिरवलं. "माप-खोली... सोमवारपासून तुमची."

"इथे भिंतींना काय सांगताय? जेवणखोलीत सांगा. मोठ्यानं."

त्यांनी सांगितलं. मोठ्यानं सांगायला दोनदा घसा खाकरावा लागला.

आता दर महिन्याला साहेब वरच्या माप-खोलीत येतात, पडदा ओढून शर्ट वर धरतात. पँटीवरचं बत्तीस मावशीने उसवून टाकलं आणि तिथे पस्तीस शिवलं, मोठ्या अक्षरात, लाल दोऱ्याने. परवा टेप त्र्याण्णववर आली.

"हळू सांगा हं, मावशी," साहेब पुटपुटले.

"त्र्याण्णव!" मावशी पडद्याबाहेर ऐकू जाईल असं ओरडली.