बाराव्या वेळी मी हिरवा झालो

मी एक जुना मोबाइल आहे, मित्रांनो. कोपरा फुटलेला, पाठीला चिकटपट्टी लावलेला. माझे भाईबंद आपली कहाणी सांगताना आधी कॅमेऱ्याच्या बढाया मारतात. मी मारणार नाही. मला माझ्या कॅमेऱ्याची लाज वाटते.

एका लांबलचक कारखान्यात हातमोजे घातलेल्या बोटांनी मला जोडलं. तिथून मी आलो एका फोटो स्टुडिओत. मालक ओळखपत्रांचे फोटो काढायचे. मागे निळा पडदा, पुढे फिरतं स्टूल. गिऱ्हाइकाचा डोळा मिटला, मान कलली, की ते म्हणायचे, "हललात. परत घेऊ." चांगला येईपर्यंत घ्यायचे, बाकीचे पुसून टाकायचे. मोठा कॅमेरा बिघडला की काम माझ्यावर यायचं. "हा पठ्ठ्या कुणालाही देखणा करतो," असं मालक चारचौघांत सांगायचे आणि मी फुशारून जायचो. पुढे नवा फोन आला. माझी रवानगी काउंटरच्या खणात झाली, सुकलेल्या डिंकाच्या बाटलीशेजारी. दोन वर्षं कुणी विचारलं नाही.

मालकांची मुलगी नर्स. तिच्या दवाखान्यात एका नव्या ॲपची चाचणी चालली होती. तिने मला बाहेर काढलं, धूळ पुसली आणि ते ॲप माझ्यात घातलं. मी डोळ्यावर प्रकाश टाकायचा आणि बाहुली किती आकसते, किती चटकन आकसते, ते मोजायचं. दोन्ही डोळ्यांत फरक दिसला तर लाल खूण, नाहीतर हिरवी. मेंदूच्या झटक्याची शंका त्यावरूनही येऊ शकते, असं ती म्हणाली. मग मला मालकीणबाईंच्या हातात देऊन तिने बजावलं, "आई, लाल आलं की निघायचं. आणि तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर याला विचारत बसायचंसुद्धा नाही. थेट दवाखाना!"

एका दुपारी फोटो कापता कापता मालकांच्या हातातून कात्री पडली. उचलायला गेले, तर उजव्या हाताची बोटं वळेनात.

"अहो, तोंड असं काय करताय?" मालकीणबाई घाबरल्या आणि त्यांनी मला मालकांच्या डोळ्यांपुढे धरलं.

लाल.

"हललो मी," मालक जड जिभेने म्हणाले. "परत घे."

"अहो, पोरीनं सांगितलंय, निघायचं म्हणून."

"अगं, तू फोन वाकडा धरलायस. जन्म गेला माझा यात. मला शिकवू नको. घे परत."

लाल. चष्मा काढला. लाल. स्टूल फिरवलं. लाल. मालकीणबाई रडत होत्या आणि तरी घेत होत्या. तीस वर्षं नवऱ्याचं ऐकायची सवय, ती अशी पाच मिनिटांत कुठे सुटते? अकरा वेळा मी लाल झालो. शेवटी मालकांनी स्टूल दारातल्या उन्हात ओढायला लावलं. त्या भगभगीत उजेडात दोन्ही बाहुल्या आधीच टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. मोजायला काही उरलंच नव्हतं, मग फरक कुठून दिसणार? मला काही कळत नाही, एवढं तरी मी सांगायला हवं होतं.

मी हिरवा झालो.

"बघ! म्हटलं नव्हतं?" मालक वाकड्या तोंडाने हसले. मालकीणबाईंनी हुश्श केलं. पडून बरं वाटेल म्हणून त्यांना बाकावर झोपवलं. मुलगी ड्यूटीवरून आली, तोवर पाच तास उलटून गेले होते.

मालक वाचले. पण उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. "वेळेत आणलं असतं तर..." डॉक्टर म्हणाले. दवाखान्याच्या व्हरांड्यात मुलीने माझ्यातले निकाल एकेक करून उघडले.

"अकरा वेळा सांगितलं होतं गं याने!"

"आणि बाराव्यांदा?" आईने विचारलं.

मुलीने बारावा निकाल उघडून आईपुढे धरला. मला मालकांचा राग येतो. 'माहीत नाही' हे दोन शब्द मला न शिकवणाऱ्यांचा त्याहून जास्त येतो. पण हिरवा मी झालो होतो, हे कुणावर ढकलू?

मित्रांनो, माझी काच पुसू नका, मला नवं कव्हर आणू नका. मनासारखं उत्तर येईपर्यंत मला विचारत बसू नका, तेवढं केलंत तरी पुरे. घरात कुणाचं तोंड वाकडं दिसलं तर मला जरूर हातात घ्या, पण गाडी बोलवायला.