कुलपापुढचं शून्य

"त्या लोकांना कशाचं काही पडलेलंच नसतं," हे वाक्य आपण चहाच्या घोटाबरोबर किती सहज बोलून जातो! त्या संशोधन संस्थेच्या ऑफिसातही ते रोज बोललं जाई. फरक एवढाच, की तिथे त्याला गृहीतक म्हणत आणि ते सिद्ध करायचा पगार मिळे.

गृहीतक असं होतं: ज्या वस्तीत शिक्षण कमी, तिथे राजकारणात रस कमी, म्हणून मतदान कमी. अठराशे घरांची पाहणी झाली होती. आकड्यांचं काम जिच्याकडे होतं, तिला सगळे आकडेबाई म्हणत. तिने हिशेब मांडला आणि गृहीतक अगदी छातीठोकपणे खरं ठरलं. संचालक खूश झाले. चार वाजता निवडणूक समितीची बैठक होती. कालव्यापलीकडच्या वस्तीतलं मतदान केंद्र ठेवायचं की बंद करायचं, ते या अहवालावर ठरणार होतं. बंद झालं असतं, तर तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना मत द्यायला सहा किलोमीटर चालावं लागणार होतं.

जेवणाच्या सुट्टीत मास्तर आले. शाळेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ पाहणीसाठी त्या वस्तीत दारोदार फिरले होते. त्यांनी फॉर्मचा गठ्ठा तिच्या टेबलावर आपटला.

"बाई, दोनशे सातव्या फॉर्मवर मी काय लिहिलंय?"

"कुलूप."

"आणि तुमच्या कॉम्प्युटरात काय आहे?"

तिने पाहिलं. राजकारणात रस: शून्य. पुढच्या फॉर्मवरही कुलूप, समोर शून्य. त्याच्या पुढच्यावरही तेच.

"उत्तराची जागा रिकामी राहिली की प्रोग्राम अडतो," ती पुटपुटली. "म्हणून रिकाम्या जागी शून्य भरायला मीच सांगितलं होतं. बरेच जण तसंच करतात, मास्तर."

"बरेच जण करतात म्हणून बरोबर?" मास्तरांचा आवाज चढला. "मी सकाळी अकराला दारं वाजवत होतो. त्या वेळी ती माणसं कारखान्यात उभी असतात, नाहीतर तुमच्या-आमच्या घरची भांडी घासत असतात. पोटामागे गेलेल्या माणसाच्या दाराचं कुलूप बघून तुम्ही ठरवलंत, याला कशाची फिकीर नाही. मी पस्तीस वर्षं गैरहजर पोराला गैरहजर लिहिलं. नापास कधी लिहिलं नाही."

तिला आधी मास्तरांचा राग आला, मग स्वतःचा. स्वतःचा जास्त. जेवणाचा डबा तसाच टाकून ती कॉम्प्युटरपुढे बसली. कुलपं वेगळी काढली. पाचशे चाळीस निघाली, आणि बहुतेक त्याच वस्तीतली. ती वगळून तिने पुन्हा हिशेब केला, तर शिक्षणाचा आणि रसाचा संबंध नावालाही उरला नाही. जी दारं उघडी होती, तिथल्या लोकांनी पाण्यापासून दवाखान्यापर्यंत सगळं धडाधडा सांगितलं होतं. तेही फॉर्मवर होतं. तिने ते कधी उलगडून पाहिलंच नव्हतं.

ती संचालकांकडे गेली.

"तीन महिन्यांचं काम आहे," ते म्हणाले. "एक तळटीप टाक आणि सोडून दे."

"तळटीप कोण वाचतं, सर?"

"म्हणूनच टाक म्हणतोय."

तिची कानशिलं तापली. माणसं जगायला बाहेर पडली, म्हणून त्यांचं मत काढून घ्यायचं, आणि ते बारीक अक्षरात लिहायचं! ती वळली आणि कुलपांचे सगळे फॉर्म उचलून थेट बैठकीला गेली.

"हा अहवाल चुकीचा आहे, आणि चूक माझी आहे," ती उभी राहून म्हणाली. मग ते पाचशे चाळीस फॉर्म तिने टेबलावर पसरले.

अध्यक्षांनी चष्मा वर केला. "म्हणजे त्या लोकांना रस आहे की नाही?"

"माहीत नाही, साहेब. आपण विचारायला गेलो तेव्हा ते कामावर होते."

केंद्र बंद करायचा ठराव त्या दिवशी मागे घेतला गेला. पुढच्या रविवारी संध्याकाळी आकडेबाई स्वतः मास्तरांबरोबर त्या वस्तीत निघाली.

आणि आपण? आपल्याकडे कॉम्प्युटर नसेल, पण शून्यं आपणही भरतोच. जो आपल्यासमोर नाही, त्याच्या नावापुढे आळशी, अडाणी, बेफिकीर असं हवं ते लिहून मोकळे होतो. आकडा खोटं बोलत नाही म्हणतात. आकडा काहीच बोलत नाही, बोलतो तो भरणारा. म्हणून कुणाबद्दल निकाल देण्याआधी त्याला जाऊन विचारा, आणि तो घरी असेल तेव्हा जा.