न धुतलेल्या गाडीची वॉरंटी

ठाण्यापलीकडच्या दिव्यात एखादी गाडी चकचकीत दिसली, की समजावं, बाहेरचा पाहुणा आलाय. इथल्या माणसाची गाडी धुवायची छातीच होत नाही. टँकर येणार दुपारी म्हणून सांगतात आणि उगवतो संध्याकाळी, तोही चार दिवसांनी. त्यातून माणसं अंघोळी करणार की गाड्या?

कल्पिताच्या बिल्डिंगमध्ये तर तसा नियमच होता, आणि तो केला होता खुद्द कल्पितानं. टाकीच्या व्हॉल्व्हची चावी तिच्या कमरेला, टँकरचं रजिस्टर तिच्या कपाटात, आणि जिन्याखालच्या फळ्यावर तिचंच ठसठशीत अक्षर: ‘गाडी धुताना आढळल्यास पाचशे रुपये दंड. ओळखदेख चालणार नाही.’ तिसऱ्या मजल्यावरच्या महिपतनं एका दसऱ्याला बाइकवर अर्धी बादली ओतली, तर बाई पावतीपुस्तक घेऊन दारात हजर.

“अहो वहिनी, सण आहे!”

“सण आहे तर फूल वाहा की. न्हाऊ कशाला घालताय?”

महिपतनं पाचशे मोजले आणि वर्षभर तिच्याशी बोलला नाही. कल्पिताला त्याचं काही वाटलं नाही. ती माणदेशातली. लहानपणी दोन मैलांवरून हंडे आणलेले. लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली होती, “सुटलीस गं पोरी, मुंबईकडं नळ उघडला की पाणी.” कसलं काय! आगीतून उठून फुफाट्यात.

तिची स्वतःची गाडी होती हिरव्या नंबरप्लेटची, विजेवरची. मूळ रंग पांढरा, पण हे आरसी बुकात लिहिलं होतं म्हणून खरं मानायचं. आठवड्यातून दोनदा ओल्या फडक्यानं काचा पुसायच्या, बाकी गाडी धुळीची. बिल्डिंगमधली पोरं बोनेटवर बोटानं क्रिकेटचा स्कोअर लिहीत. तिनं कधी पुसला नाही.

ही गाडी हौसेची नव्हती. तिचा नवरा दौलत ठाण्याच्या कोर्टनाक्यावर प्रतिज्ञापत्रं टाइप करायचा. पंचवीस वर्षांचं टेबल. पाच वर्षांपूर्वी त्याचा डावा घोटा मोडला, आत स्टीलची पट्टी बसली, आणि दिवा स्टेशनचा जिना त्याला कायमचा बंद झाला. तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची कल्पिता ड्रायव्हिंग शिकायला गेली. लोक हसले. ती दुसऱ्या प्रयत्नात पास झाली, दोघांची होती नव्हती ती ठेव मोडली आणि गाडी दारात आली. रोज सकाळी त्याला ठाण्याला सोडायचं, परत यायचं, संध्याकाळी पुन्हा आणायचं. दिवसाचे सत्तर किलोमीटर. पहिली दोन वर्षं एका चार्जिंगमध्ये दोन दिवस निघत. तिसऱ्या वर्षी एक दिवस. चौथ्या वर्षी तर परतीच्या वाटेवर काटा बघत, एसी बंद करून, घाम पुसत यायचं. आणि मग एका मंगळवारी मुंब्रा बायपासच्या चढावर गाडीनं मान टाकली. दौलत दोन तास उशिरा पोचला. त्या आठवड्यात असं तीनदा झालं.

ज्यांच्या कामावर दौलतचं टेबल चालायचं ते त्र्यंबक वकील भले गृहस्थ, पण कोर्ट कुणासाठी थांबत नाही. ते म्हणाले, “दौलतराव, पहिल्या तारखेपर्यंत सोय बघा. नाहीतर मला दुसरा माणूस बसवावा लागेल. वाईट वाटून घेऊ नका.”

बॅटरीला आठ वर्षांची वॉरंटी होती. क्षमता सत्तर टक्क्यांच्या खाली गेली तर फुकट बदलून मिळणार, असं छापलेलं. कल्पिता कल्याण-शीळ रोडवरच्या सर्व्हिस सेंटरला गाडी टाकून आली. दोन दिवसांनी तिथल्या मॅनेजरनं, विनीतनं, तिला बोलावलं.

“मॅडम, टेस्ट झाली. बॅटरी हेल्थ अठ्ठावन्न टक्के. म्हणजे वॉरंटीत बसते.”

कल्पिताचा जीव भांड्यात पडला.

“पण क्लेम रिजेक्ट झालाय,” विनीत पुढे म्हणाला. “बॅटरीच्या कनेक्टरमध्ये ओलावा गेलाय, आत गंज चढलाय. गाडीच्या पोटाखालून प्रेशरनं पाणी मारल्याशिवाय तिथं पाणी पोचत नाही. कस्टमर मिसयूज.”

“आणि पावसाचं पाणी?”

“छे छे मॅडम, पावसात चालायलाच बनवलीय ती. हे प्रेशर वॉशिंगचंच काम.”

कल्पिता आधी हसली. खरंच हसली. “अहो, मी राहते कुठं, ते लिहिलंय ना तुमच्याकडं? दिव्यात! आमच्याकडं नळाला करंगळीएवढी धार आली तरी लोक पेढे वाटतील. तिथं प्रेशर कुठून आणू?”

विनीतनं एक कागद पुढे सरकवला. “मी तुमच्यासाठी वर शब्द टाकलाय. अर्धी किंमत कंपनी सोसेल, अर्धी तुम्ही. फक्त इथं साइन करा.”

कागदावर लिहिलं होतं, की ग्राहकानं निष्काळजीपणे गाडीवर जोराचं पाणी मारल्यामुळे बॅटरी खराब झाली, हे ग्राहकाला मान्य आहे. कल्पितानं तो दोनदा वाचला. मग दोन बोटांनी परत त्याच्याकडे ढकलला आणि उठली.

घरी दौलत पाय पाटावर ठेवून बसला होता. घोटा सुजून भोपळा झाला होता. सगळं ऐकून तो म्हणाला, “सही कर, कल्पिता. अर्धी तर अर्धी. पहिली तारीख दहा दिवसांवर आलीय.”

“सही करू? मी पाणी उधळलं म्हणून? आणि उद्या त्या फळ्यासमोर कुठल्या तोंडानं उभी राहू?”

“फळ्यानं पोट भरत नाही.”

हे मात्र तिला लागलं. ती उठून भांडी घासायला गेली, आणि त्या रागात तिनं रोजच्यापेक्षाही कमी पाणी वापरलं.

दुसऱ्या दिवशी ती गाडीच्या कागदांची प्लॅस्टिकची फाइल आणि टँकरचं रजिस्टर काखोटीला मारून पुन्हा सर्व्हिस सेंटरला. विनीतनं चार पानं उलटली. “मॅडम, हे तुमच्या बिल्डिंगचं झालं. बाहेर कुठल्या वॉशिंग सेंटरला धुतली नसेल कशावरून?”

“धुतली असती तर एवढी घाण दिसली असती का?”

“मॅडम, धुळीवरून क्लेम पास होत नाही.” आणि तो फोन घ्यायला आत गेला.

कल्पिता काचेच्या त्या गारेगार खोलीत फणफणत बसली. काउंटरवरच्या मेघालीनं ग्लासभर पाणी आणून दिलं. बिचारी पोर चांगली होती. कल्पिता अर्धं प्यायली आणि उरलेलं तिनं सवयीनं आपल्या बाटलीत ओतून घेतलं. समोर काचेपलीकडे एक गाडी रॅम्पवर उचलली होती. गमबूट घातलेला माणूस हातात पाइप घेऊन खाली उभा, आणि पाण्याचा फवारा खालून थेट गाडीच्या पोटावर. फेस, पाणी, पुन्हा फेस, पुन्हा पाणी. गटारातून नुसता ओढा चालला होता. मेल्यांनो, आमच्या एका मजल्याची अंघोळ झाली असती एवढ्यात!

आणि तिचा बाटलीचं झाकण लावणारा हात तसाच थांबला.

“मेघाली, ते काय चाललंय गं?”

“अंडरबॉडी वॉश, मॅडम. प्रत्येक सर्व्हिसिंगला फ्री असतो.”

“प्रत्येक?”

“हो ना. नको म्हटलं तरी कॉम्प्युटर टाकतोच.”

नको म्हटलं तरी! कल्पितानं फाइल उघडली. चार वर्षांपूर्वी, पहिल्या सर्व्हिसिंगला, तिनं हाच तमाशा डोळ्यांनी पाहिला होता आणि इथंच सगळ्यांदेखत भांडली होती. तेव्हापासून दर वेळी गाडी सोपवतानाच्या जॉबकार्डावर सही करताना ती खाली स्वतःच्या हातानं एक ओळ लिहायची. दर वेळी गाडी तरीही पोटाखालून लख्ख होऊन यायची, आणि दर वेळी ती संतापून घरी जायची. एवढी वर्षं तिला वाटत होतं, हे फक्त पाणी नासतायत.

कागद एकूण एक जपलेले होते. कोर्टाच्या दारात बसणाऱ्या माणसाची बायको होती ती. माणूस फिरतो, कागद फिरत नाही, हे दौलतनं तिला लग्नाच्या पहिल्या महिन्यात शिकवलं होतं.

विनीत बाहेर आला तेव्हा त्याच्या टेबलावर कागदांच्या सहा जोड्या मांडलेल्या होत्या. डाव्या हाताला जॉबकार्ड, उजव्या हाताला बिल.

“हे माझं अक्षर,” कल्पितानं बोट ठेवलं. “वाचा. मोठ्यानं वाचा.”

“मॅडम, आत केबिनमध्ये बसून...”

“केबिन नको. इथंच.”

सोफ्यावरची गिऱ्हाइकं मोबाइलमधून मान वर काढून बघायला लागली. विनीतनं घसा साफ केला. “पाणी मारू नये.”

“आता त्याच तारखेचं तुमचं बिल.”

तो केबिनच्या दाराकडे बघायला लागला. मग कल्पितानंच वाचलं. “अंडरबॉडी वॉश, मोफत. पुढचं जॉबकार्ड, पाणी मारू नये. पुढचं बिल, अंडरबॉडी वॉश, मोफत. सगळे वाचू की पुरे? या गाडीला आयुष्यात प्रेशरचं पाणी लागलं ते तुमच्या रॅम्पवर. सहा वेळा मी लेखी नको म्हटल्यावर. निष्काळजी कोण ते आता तुम्हीच सांगा.”

“मॅडम, जरा हळू बोला.”

“का? चोरी मी केलीय?”

सोफ्यावरच्या एका आजोबांनी आपलं बिल काढून चष्मा लावला. ते बघून विनीतचा चेहरा उतरला. “मी हे हेड ऑफिसला पाठवतो,” तो म्हणाला आणि कागद गोळा करायला लागला. कल्पितानं त्याच्या हातावर हात ठेवला.

“झेरॉक्स पाठवा. ओरिजिनल माझ्याकडं राहणार.”

त्या संध्याकाळी दौलतनं पत्र टाइप केलं. सहा जोड्या, तारखांसकट, खाली ‘प्रत: ग्राहक आयोग, ठाणे’. सुजलेला पाय विसरून बोटं नुसती धावत होती. “पंचवीस वर्षं जगाची गाऱ्हाणी टाइप केली,” तो म्हणाला, “आपलं स्वतःचं आज पहिल्यांदा.” मग मान न उचलता पुढे म्हणाला, “ते फळ्याचं बोललो ना, चुकलंच माझं.”

“चुकलंच,” कल्पिता म्हणाली आणि त्याच्यापुढे चहा ठेवला.

दिवस मात्र थांबले नाहीत. दौलत रिक्षा बदलत बदलत कोर्टनाक्याला जायचा आणि अर्धमेला होऊन यायचा. महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी फोन आला. बॅटरी मंजूर. दोघंही गेली. विनीतनं या वेळी खुर्च्या ओढून दिल्या, चहा मागवला.

“बॅटरी येऊन पडलीय. साइन केलंत की संध्याकाळपर्यंत बसते. एक पैसा द्यायचा नाही.”

कल्पितानं कागद वाचला. ‘कंपनीची कोणतीही जबाबदारी नसताना, केवळ सदिच्छेपोटी, विशेष बाब म्हणून.’ तिची कानशिलं तापली. पण शेजारी दौलतचा पाय होता, चपलेत न मावणारा. उद्या पहिली तारीख. तिच्या ताठ्यापायी याचं टेबल जाणार असेल तर तो ताठा काय कामाचा? तिनं पेन उचललं. मग पुन्हा खाली ठेवलं आणि कागद त्याच्यापुढे केला.

“अहो, टेबल तुमचं आहे. तुम्ही सांगा.”

दौलतनं चष्मा लावला, सावकाश वाचला. “हे खोडायचं.”

“सर, फुकट मिळतेय ना?” विनीत म्हणाला.

“फुकट नाही, हक्कानं मिळतेय. सदिच्छा म्हणजे उपकार. उद्या हीच बॅटरी पुन्हा बिघडली, तर उपकाराची वॉरंटी कुणाकडं मागू? शब्द खोडा. ‘वॉरंटीअंतर्गत’ लिहा.”

“मग परत हेड ऑफिस. आठ दिवस तरी जातील, सर.”

दौलतनं खिशातून फोन काढला आणि तिथंच लावला. “त्र्यंबकसाहेब? दौलत बोलतोय. माझी सोय काही उद्यापर्यंत होत नाही. टेबलावर दुसरा माणूस बसवा... हो, विचार करून बोलतोय. आणि साहेब, एक ग्राहक आयोगाची केस आहे. घरचीच. घ्याल का?”

कल्पिता त्याच्याकडे बघतच राहिली. पंचवीस वर्षांचं टेबल या माणसानं एका शब्दासाठी ओवाळून टाकलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तेही तिनं वाया जाऊ दिलं नाही, पदरानं टिपून ताठ बसली.

“सर, एक मिनिट. फोन ठेवू नका... म्हणजे ठेवा. मी बोलतो वर.” विनीत आत पळाला.

एक मिनिटाची चाळीस मिनिटं झाली. चहावर साय धरली. शेवटी तो नवा कागद घेऊन आला. दौलतनं पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला, आणि मग बायकोकडे बघून मान हलवली. ‘वॉरंटीअंतर्गत.’ त्याखाली एक शब्द जादा नव्हता.

त्यानं लगेच पुन्हा फोन लावला. पलीकडे त्र्यंबक वकील आधी खवळले, मग गडगडाटी हसले. “अरे, दुसरा माणूस एका तासात उगवतो का? या उद्या. वेळेवर या.”

मेघालीनं जॉबकार्ड पुढे केलं. कल्पितानं सही केली आणि त्याखाली, चार वर्षांच्या सवयीनं, ठसठशीत अक्षरात लिहिलं: ‘पाणी मारू नये.’

मग तिनं कार्ड फिरवलं, विनीतपुढे ठेवलं, आणि पेन त्याच्या हातात दिलं.

“आता याच्याखाली तुमची सही.”