निकेशच्या आईला ओळखणारी बाई

निकेशने विमानाची तिकिटं पाठवली तेव्हा नीराबाईने आधी अख्ख्या थळच्या कोळीवाड्याला सांगितलं आणि मग रचनाला फोन केला. रचना तिची मुलगी, अलिबागच्या शाळेत शिक्षिका.

"दादानं दोघींची तिकिटं काढल्यान. केपटाऊन. तुझी सुट्टी बघ."

निकेश आधी चार वर्षं बोटीवर आचारी होता. मग आफ्रिकेच्या पार टोकाला, केपटाऊनला, द्राक्षांच्या मळ्यातल्या एका हॉटेलात मुख्य शेफ झाला. सहा वर्षांपूर्वी त्याचे वडील, अनंता, किडनीच्या आजाराने गेले तेव्हाही त्याला येता आलं नव्हतं. त्यानंतर मात्र दर रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. "आये, चिंबोरीचं कालवण परत एकदा दाखव." नीराबाई फोन डब्याला टेकवून ठेवायची आणि खोबरं कसं भाजायचं, चिंबोरीच्या नांग्या कशा ठेचायच्या, सगळं सावकाश दाखवायची. पोराला घरची आठवण येते, असं ती शेजारच्या केसरला सांगायची.

केपटाऊन तिला फार आवडलं. शहराच्या डोक्यावर डोंगर, आणि त्याचा माथा असा सपाट की कुणी सुरीने कापून काढल्यासारखा. पांढऱ्या वाळूचे किनारे. समुद्रात पाय घातला आणि ती ओरडलीच. "बर्फ हाय रे! मासं जगतात कशी ह्यात?" बंदरावर तिने मासळी उलटीपालटी करून कल्ले बघितले, तेव्हा विकणारा काळा माणूस हसला आणि त्याने तिला मानेने सलाम केला. निकेश सगळीकडे तिचा हात धरून चालत होता.

पाचव्या दिवशी तो म्हणाला, "उद्या दुपारी माझ्या हॉटेलात जेवायचं. आपलं लुगडं नेस, कोळणीचं. दागिने पण घाल." मग म्हणाला, "आणि आये, तिथं मला पोरगा म्हणू नकोस. कामाच्या जागी घरच्यांना आणायची परवानगी न्हाय. गावाकडच्या ओळखीच्या हायत, असं सांगितलंय मी."

"माझ्यापायी तुझी नोकरी नको जायला," नीराबाई म्हणाली.

हॉटेल डोंगराच्या पायथ्याशी होतं. कमरेएवढ्या द्राक्षवेली रांगेने पार चढणीपर्यंत गेलेल्या. निकेशने त्यांना खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं. पांढराशुभ्र कोट घालून तो स्वतः चिंबोरीचं कालवण घेऊन आला. बशी केवढी मोठी आणि कालवण केवढंसं, पण पहिला घास घेतला आणि नीराबाईने डोळे मिटले. अगदी तिच्या हातची चव. रचनाने वाइनचा एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं, तशी नीराबाई खुदकन हसली.

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरची एक म्हातारी गोरी बाई उठून आली. तिने नीराबाईचा हात दोन्ही हातांत घेतला आणि काहीतरी बोलू लागली. बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. नीराबाईने रचनाला कोपराने ढोसलं.

"काय म्हणते ती?"

"काही नाही. जेवण आवडलं म्हणते."

"जेवण आवडल्यावर कोन रडतं? नीट सांग."

रचनाने टेबलावरचं मेन्यूकार्ड उचललं, आतलं पान वाचलं, आणि खाली ठेवलं. मग आईकडे न बघता म्हणाली, "ती विचारते, तुम्ही निकेशच्या आईला ओळखत होता का. ह्यात लिहिलंय, दादा नऊ वर्षांचा असताना त्याची आई समुद्रात बुडून गेली. तिच्या हातचं शेवटचं कालवण त्याच्या जिभेवर राहिलं. तेच तो इथं करतो."

नीराबाईने मान वर केली. निकेश स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याने नुसती मान हलवली, नको म्हणून. लहानपणी मास्तरांची चिठ्ठी बापाला दाखवू नको म्हणायचा, तशी.

म्हातारी अजून हात धरून होती.

"सांग तिला," नीराबाई म्हणाली, "व्हय, ओळखत होते. अडाणी होती. पोरावर लय विश्वास होता तिचा."

रचनाने त्यातलं किती सांगितलं कोण जाणे. म्हातारीने नीराबाईच्या गालाचा मुका घेतला आणि ती जागेवर गेली.

परतताना गाडीत निकेशनेच सुरुवात केली. "आये, इथं नुसतं जेवण चालत न्हाय. त्याला गोष्ट लागते. मालक म्हणाला, तुझी काय गोष्ट? मी बोलून गेलो."

"जित्या आईची गोष्ट न्हवती तुझ्याकडं?"

तो समोर बघत गाडी चालवत राहिला.

"बापाचं काय लिवलंस?"

"त्याचं काही न्हाय लिवलं."

"सुटला बिचारा."

रचना मागे बसून रडत होती. नीराबाईला रडू येत नव्हतं. निकेशने शपथ घेतली, की नवीन कार्ड छापताना ते सगळं काढून टाकेन. विमानतळावर त्याने तिच्या पायावर डोकं ठेवलं. तिने विश्वास ठेवला.

थळला आल्यावर तिने बायकांना डोंगर सांगितला, थंड पाणी सांगितलं. "हॉटेलात मला मानानं बसवलंन," असंही सांगितलं.

तीन महिन्यांनी रचना अलिबागहून मुद्दाम आली. तिने मोबाइलवर हॉटेलचं पान उघडलं. त्यावर नीराबाईचा फोटो होता. लुगडं, नाकात नथ, डोळे मिटलेले. रचनाने खालचा मजकूर मराठीत सांगितला. शेफच्या दिवंगत आईची बालमैत्रीण साता समुद्रापलीकडून आली आणि पहिल्याच घासाला तिला रडू कोसळलं.

"मी रडले न्हवते," नीराबाई म्हणाली.

रविवारी निकेशचा फोन आला तेव्हा तिने तेच विचारलं.

"मालकानं टाकला गं फोटो."

"काढला कुनी? लुगडं नेस म्हनून कुनी सांगितलं?"

तो म्हणाला, "आये, दोन महिने सगळी टेबलं भरलेली हायत."

"फोटो काढून टाक," एवढंच ती बोलली आणि फोन ठेवला.

दोन दिवसांत फोटो गेला. मजकूर मात्र तसाच राहिला. निकेश अजून दर रविवारी फोन करतो. ती उचलते, जेवलास का विचारते, थंडी हाय का विचारते. चुलीपाशी फोन नेत नाही. त्यानेही परत दाखव म्हटलेलं नाही.

परवा बोंबील वाळत घालताना केसरने सहज विचारलं, "निकेश परत कवा बोलावतो गो तुला?"

नीराबाईने तिला सगळं सांगितलं. कार्ड, म्हातारी, फोटो, काही गाळलं नाही. केसरचे हात थांबले.

"तू जित्ती असताना?"

"व्हय."

"मंग तू काय केलंस तिथं?"

"काय करनार? समोरचं कालवण खाल्लं. चांगलं केल्यालं त्यानं."

आणि एवढं बोलल्यावर नीराबाई तिथेच वाळूत बसली आणि मोठ्याने रडायला लागली. केसर तिच्याजवळ बसली. पाटीतले बोंबील तसेच राहिले, आणि दोघींपैकी कुणीही कावळ्यांना हाकललं नाही.