माझ्यावरचे टॉवेल काढा

मी एक शिडी बोलतेय, आणि आधीच सांगते, माझं डोकं फिरलेलं आहे. सात पायऱ्यांची, देवदाराची, फेस शहराच्या जुन्या वस्तीतली. गेला महिनाभर माझ्या अंगावर चार पांढरे टॉवेल टांगलेले होते.

मला बूअज्जा सुताराने घडवलं. आमच्याकडे गच्ची बायकांची. तिथे पुरुषाने पाऊल टाकायचं नाही, मग तो सुतार का असेना. म्हणून आमच्या घरच्या लल्ला, म्हणजे बाईसाहेब, रुकय्याने भिंतीची उंची लोकरीच्या धाग्याने मोजली आणि धागा दुकानात पाठवला. बूअज्जाने उलटा निरोप धाडला, "उतरणारीच्या हातात काय असतं, ते विचारून या." उत्तर गेलं, "पिठाची परात." मग त्याने माझ्या पायऱ्या रुंद केल्या. त्याने गच्ची कधी पाहिली नाही, पण विचारलं. हे लक्षात ठेवा, कारण माझा सगळा राग तिथेच आहे.

शेजारच्या खनाताची गच्ची आमच्यापेक्षा पुरुषभर खाली. दोन्ही घरांची पाठ एकमेकांना लागलेली, पण दारं निराळ्या गल्ल्यांत. रस्त्याने जायचं तर चार मजले उतरा, चामडेवाल्यांचा चढ चढा, आणि पुन्हा चार मजले. माझ्यावरून सात पायऱ्या. रुकय्या लहान वयात विधवा होऊन माहेरी आली, त्याच वर्षी खनाता लग्न होऊन शेजारी आली. पन्नास वर्षं त्या माझ्यावरून ये-जा करत राहिल्या. कधी गहू निवडायला, कधी लोकर पिंजायला, कधी नुसतं रडायला. खनाताच्या तिसऱ्या बाळंतपणात सुईण माझ्यावरूनच उतरली. मी काही शोभेची वस्तू नव्हते.

आता तौफीकचं ऐका. हा रुकय्याचा भाचा, तिच्या भावाचा मुलगा. घर त्याच्याकडे आलं, आणि त्याने त्याचं पाहुण्यांसाठी अतिथीगृह करायचं ठरवलं. मुलगा वाईट नाही, आत्याला जपणारा आहे. पण त्याने कुठल्याशा जुन्या परदेशी चित्रकाराचं चित्र मोठं छापून आणलं आणि म्हणाला, सगळं घर असं दिसलं पाहिजे.

चित्रात आमच्यासारखी गच्ची होती. तीवर पाच बायका लोळत पडलेल्या, अर्ध्यामुर्ध्या कपड्यांत. जवळ हुक्का, फळांची ताटं, आणि वाघाचं कातडं. कोपऱ्यात एक शिडी, आकाशाला टेकवलेली. ती कुठून कुठे जाते, हे काढणाऱ्यालाही ठाऊक नसावं.

रुकय्याने चष्मा लावून चित्र नीट पाहिलं.

"या कोण रे? आजारी आहेत का?"

"आत्या, जुन्या काळच्या आपल्याकडच्या बायका आहेत."

"आणि गहू कोण निवडतंय?"

"अगं, चित्र आहे ते. पाहुण्यांना हेच आवडतं."

"त्या चित्रवाल्याला वर कुणी येऊ दिलं होतं?"

तौफीक हसला. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. त्या माणसाने खाली बसून मनाला येईल ते रंगवलं, आणि आमचा मुलगा ते पाहून स्वतःचं घर सजवतोय. खरं सांगू? पन्नास वर्षांत आमच्या गच्चीवर कुणी लोळलं असेल तर हाच. सात वर्षांचा होईपर्यंत वाळवलेल्या गव्हात लोळायचा आणि आत्याचा मार खायचा. मोठा झाल्यावर त्याला खाली धाडलं. तेव्हापासून घरच्या रीतीप्रमाणे जिन्यातूनच ओरडून विचारायचा, "वर येऊ का?"

रुकय्या चार दिवस मेकनेसला लग्नाला गेली, तेवढ्यात त्याने मला उचललं. मला गुळगुळीत रोगण फासलं, पाहुण्यांच्या खोलीत त्या चित्राखाली उभं केलं आणि चार खिळे ठोकले. वर टॉवेल. गच्चीवर गाद्या, तक्के आणि पाहुणे. मग कुणीही वर जायचं, कुणी काही विचारायचं नाही.

रुकय्या परत आली ती लग्नातली मिठाई घेऊन थेट गच्चीवर गेली. मी जागेवर नव्हते. खनाताच्या बाजूला वेताची चटई आडवी बांधलेली. खनाता मोकळ्या केसांनी लोकर पिंजत बसली असताना एका पाहुण्याने तिचा फोटो काढला होता. तेव्हापासून ती स्वतःच्याच गच्चीवर येईनाशी झाली. गुडघ्यांमुळे दोघींनाही रस्त्याचा चढ झेपत नाही. माझ्याशिवाय त्या या जन्मी भेटणार नव्हत्या, आणि मी टॉवेल सांभाळत होते.

रुकय्या रोज खोलीत टॉवेल बदलायला येई. माझ्या तिसऱ्या पायरीवर हात ठेवून थांबे आणि निघून जाई. मिठाई तशीच फडक्यात राहिली. मला तिचाही राग यायचा. अगं, बोल की काहीतरी.

काल दुपारी ती टॉवेल घेऊन आलीच नाही. हातात कोळशाचा चिमटा होता. एकेक खिळा तिने उपसला. माझं लाकूड दोन ठिकाणी फाटलं. मला फरफटत वर नेलं. पाहुण्यांना तिने हातानेच जिना दाखवला, आणि ते गेले. मग खरखरीत दगडाने तिने माझ्या पायऱ्यांवरचं रोगण घासून काढलं आणि चटईचं एक टोक उचलून मला पूर्वीच्या जागी खाली सोडलं.

"खनाता, आहेस का गं?"

चटईमागून, तिच्या जिन्याच्या दारातून आवाज आला, "किती दिवस लावलेस, मेले. चहा दोनदा गार झाला."

रुकय्या उतरली. एका हातात मिठाईचं फडकं, दुसरा हात माझ्यावर. फाटलेलं लाकूड करकरलं, पण मी तिला धरून ठेवलं.

तेवढ्यात जिन्यात धावत आलेली पावलं ऐकू आली. तौफीकच. संध्याकाळी नवे पाहुणे यायचे होते आणि चित्राखालची भिंत रिकामी होती. पावलं शेवटच्या पायरीपाशी अडखळली. खालच्या गच्चीवरून दोन म्हाताऱ्यांचं हसणं त्याच्या कानांवर गेलं असावं. मग, पूर्वीसारखं, त्याने विचारलं.

"आत्या, वर येऊ का?"

"नको," रुकय्या खालून म्हणाली.

तो आला नाही. मी अजून इथेच आहे.