किरकिरीसकट

पोपट दुपारीच गेला. पण सासूबाई संध्याकाळच्या गाडीने परतणार होत्या, तेव्हा तूर्तास तो गेलेला नाही असं धरून चालू.

जावई मागच्या खोलीत मांडी घालून एका मोटारीला तांब्याची तार गुंडाळत होता. गावभरचे कूलर आणि पंखे दुरुस्त करणाऱ्याच्या या खोलीत पंखा नव्हता. पंखा नव्हता म्हणून कुणाचं अडतही नव्हतं. अडणारा पलीकडच्या खोलीत, कूलरसमोर पिंजऱ्यात होता. धाकट्या लेकीकडे जाताना सासूबाईंनी बजावलं होतं, "जावईबापू, माझ्या राजाला उकाडा सोसत नाही. माणसांचं काय, चालून जातं."

म्हणून त्याचा एक कान सतत भिंतीकडे. कूलरची घरघर, मधूनच पाण्याची टपटप, आणि बेअरिंगची ती किरकिर, जिला तो महिनाभर 'उद्या बघतो' म्हणत होता. सगळं ठाकठीक.

बायको बाहेरून आली, घामाने निथळत.

"लाईट आली का हो?"

"गेली कुठे? कूलर चालू आहे की."

"अख्ख्या गल्लीत सकाळपासून नाही!"

दोघं पलीकडे धावली. कूलरची पाती गप्प उभी होती. पिंजऱ्याच्या तळाशी, चोच वासून, पंख अंगापासून सुटे धरून पोपट हुबेहूब कूलरसारखा घरघरत होता. किरकिरीसकट.

त्याने पाणी शिंपडलं. तिने ओला पंचा पिंजऱ्यावर टाकला, पुठ्ठ्याने वारा घातला.

"अहो, काहीतरी करा ना! एवढ्या मोटारी सुरू करता."

"ही मोटार नाही गं."

त्याने वीज कार्यालयाला फोन लावला. 'आपण रांगेत आहात,' असं एक बाई प्रेमाने सांगत राहिली. घरघर मंदावली, बटण बंद केल्यावर पाती मंदावतात तशी. शेवटी नुसती किरकिर उरली. मग तीही नाही.

संध्याकाळी लाईट आली. कूलर भर्रकन सुरू झाला. उठून बंद कुणीच केला नाही. दारात पिशवी घेऊन उभ्या सासूबाईंनी कान दिला, आणि त्यांचा चेहरा निवळला.

"चालू आहे ना? मग पाय धुऊन मगच येते राजाकडे."

तेवढ्यात दुपारपासून रांगेत असलेला फोन लागला.

"बोला, काय तक्रार आहे?"

बायको त्याच्याकडे बघत होती. मोरीत पाणी वाजत होतं.

"तक्रार नाही," तो हळूच म्हणाला. "विनंती आहे. आज दुपारी खंडित झालेली दुपार, सासूबाईंचे पाय धुऊन होण्यापूर्वी, कृपया पूर्ववत करण्यात यावी."